सहाशे नव्व्याण्णवची बस

नांदेड
६ फेब्रुवारी २०२५

चि. गीतूस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझा बाप तक्रार करत असेल की अंबिकाताई फोन उचलत न्हाई. उचलून काय करू? डावा कान गेलाच हाय, उजव्यात मशीन घातली तरी वैजू विहिरीतून बोलल्यागत वाटतो. आणि मोबाईलवर दोन ओळींच्या वर माझं बोट चालत न्हाई. तवा आपलं पत्रच बरं. तू होस्टेलला होतीस तवापासून चालत आलंय, चालू राहू दे.

एक लई मोठी बातमी हाय. आपल्या चावीवाल्या खेळण्यांचा व्हिडिओ गेम निघून राहिलाय! माझ्या अंगणवाडीतली पत्र्याची खेळणी तुला आठवत असतील. रोलर, ट्रॅक्टर, इंजिन आणि लाल बस. पोटात चावी फिरवली की खोलीभर पळायची. तो कारखाना बंद पडून वीस वर्सं झाली. आता पुण्याच्या एका कंपनीनं त्याचे हक्क घेतले आणि 'चावीनगर' नावाचा खेळ केलाय. गावात माणसं न्हाईत, सगळी ही खेळणीच.

वरच्या मजल्यावर लुंबिनी म्हणून भाडेकरू हाय, बँकेत नोकरीला. तिच्याकडं टीव्हीला जोडायची गेमची मशीन हाय. तिनं मला नमुन्याचा भाग दाखवला, तो फुकट ठेवलाय. मी आधी रोलर चालवला, मग लाल बस. बसची चावी फिरवायला बटण दाबलं आणि हातातला रिमोट थरथरायला लागला. आधी मोठी मोठी थरथर, मग चावी आवळत जाईल तशी बारीक, मग एकदम घट्ट. खरी स्प्रिंग हातात धरल्यागत. मी लुंबिनीला म्हणलं, "हे मला ऐकू आलं." ती हसली, पण मी खोटं बोलले न्हाई.

तिनंच मला ह्या खेळण्यांच्या शौकिनांच्या एका ग्रुपात घातलंय, फेसबुकवर. दोन हजार माणसं हाईत. कुणाकडं इंजिन हाय तर चावी न्हाई, कुणाकडं नुसती चावी. लई करमतं तिथं.

खेळ ऑगस्टात येणार. किंमत अजून सांगितली न्हाई. कितीबी असो, मी घेणार हाय.

वैजूचा गुडघा कसा हाय? तुझं कॉम्प्युटरवरचं काम कसं चाललंय? तू कधी नीट सांगतच न्हाईस.

तुझी,
अंबिका आत्या

---

लातूर
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
वाकून नमस्कार.

तुझं पत्र बाबांनी आधी फोडलं, मग मला दिलं. "ताई या वयात गेम खेळायली?" म्हणून दिवसभर हसत होते. गुडघा आता बरा आहे. औसा रोडपर्यंत चालत जातात आणि येताना रिक्षा करतात, आणि मला सांगतात की दोन्ही वेळा चालत गेलो.

माझं काम म्हणजे लोकांचे मेसेज येतात, त्यांना उत्तरं द्यायची. घरी बसून करता येतं हेच त्यातलं चांगलं. पुणं सोडून आल्यावर दीड वर्ष रिकामी होते, त्यापेक्षा बरं. कंपनीनं कुणाला काही सांगायचं नाही अशा कागदावर सही घेतली आहे, म्हणून मी नीट सांगत नाही. रागावू नकोस.

बस तळहातात ऐकू आली हे तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. ज्यांनी तो खेळ केला त्यांना हे कळलं तर किती बरं वाटेल.

फक्त एक सांगते. किंमत कळेपर्यंत फार जीव लावू नकोस. असल्या खेळांच्या किमती भलत्याच असतात, आणि नमुन्यात दाखवलेलं सगळंच मिळतं असंही नाही.

मशीन कानात घालत जा. पेटीत ठेवून ऐकू येत नाही.

तुझी,
गीतू

---

नांदेड
११ मार्च २०२५

चि. गीतूस,
आशीर्वाद.

तू म्हणलीस तसंच झालं. तुझ्या तोंडात साखर न्हाई, तिखट पडो.

पाच तारखेला किंमत आली. चोवीसशे नव्व्याण्णव. बरं, ते मी सोसलं असतं. पण त्यात लाल बस न्हाई! बस वेगळी घ्यायची, सहाशे नव्व्याण्णव रुपयांना. खरी बस मी शहाऐंशी साली बावीस रुपयांना आणली होती, पत्र्याची, चावीसकट. आणि ही नुसती पडद्यावरची, हातात धरता येत न्हाई, तिला सातशे!

ग्रुपात नुसती आग लागली. भोकरचे किशनराव म्हणून बियाण्यांचे दुकानदार हाईत, तेच ग्रुप चालवतात. त्यांनी लिहिलं, "आता चावीपण वेगळी विका." एकानं लिहिलं, बस न्हाई तर गावातली खेळणी काय पायी जाणार? एका बाईनं तर रोलरवर बसून बसस्टँडवर वाट बघणाऱ्या तिच्या बाहुलीचा फोटो टाकला. हसून हसून माझ्या डोळ्याला पाणी आलं. पण राग खरा होता, गीतू. समद्यांचा.

मग मी कंपनीच्या पानावर माझ्या दोन ओळी लिहिल्या. "दाखवताना बस दाखवली, विकताना काढून घेतली. ह्याला आमच्या नांदेडात काय म्हणतात ते इथं लिहीत न्हाई." माझं तिथलं नाव 'नांदेडकर' हाय, लुंबिनीनं ठेवलं. सगळे मला काका म्हणतात. मीबी कधी खोडलं न्हाई.

तर कंपनीचं उत्तर काय यावं? जसंच्या तसं लिहिते. "काका, खेळ घ्यायची कुणी बळजबरी केलेली नाही. या वयात एवढा राग बरा नव्हे."

भर लोकांत कुणी तोंडावर दार आपटल्यागत झालं. किशनरावांनी त्याचा फोटो काढून ग्रुपात टाकला. सांजच्यापर्यंत हजार लोकांनी पुढं पाठवला. आता नुसत्या किमतीचा प्रश्न राहिला न्हाई, इज्जतीचा झालाय. ज्यानं हे लिहिलं त्याला कामावरून काढा, अशी मागणी आम्ही करून राहिलो.

तूबी लोकांना उत्तरं देतेस. तू असं कधी लिहिशील का, सांग बरं.

तुझी,
आत्या

---

लातूर
१९ मार्च २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

पत्र उशिरा लिहिते आहे. तब्येत ठीक आहे, फक्त काम फार आहे.

तुझं चुकलेलं काही नाही. बस काढली हे वाईटच आणि ते उत्तर त्याहून वाईट. त्यात दुमत नाही.

पण आत्या, उत्तर देणारा माणूस किंमत ठरवत नसतो. त्याला वरून सांगतात, हे विचारलं तर हे लिही, ते विचारलं तर ते लिही. किंमत जाहीर झाल्यापासून दिवसाला चारशे मेसेज येत असतील. त्यात निम्मे आईवरून शिव्या देणारे. तुझ्या दोन ओळींच्या आधी त्यानं काय काय वाचलं असेल कुणास ठाऊक. हे मी त्याची बाजू म्हणून सांगत नाही. नुसतं सांगते.

त्याला काढून बस परत येणार आहे का? किमतीसाठी भांडा, जरूर भांडा. त्या माणसाचं सोडून द्या, असं मला वाटतं.

बाबा तुला उन्हाळ्यात बोलावत आहेत. ये ना.

गीतू

---

नांदेड
२७ मार्च २०२५

चि. गीतूस,
आशीर्वाद.

दिवसाला चारशे मेसेज, निम्म्या शिव्या. तुला एवढं कसं काय ठाऊक? असो, तुझंबी काम तसलंच, म्हणून अंदाज असेल.

आमच्या अर्जावर तेराशे नावं झाली. किशनराव म्हणतात, दहाबारा जण मिळून पुण्याला कंपनीच्या दारात जाऊ. अहमदपूरचे दोघं तयार हाईत. मलाबी म्हणले, "नांदेडकर काका, तुम्ही पुढं उभे राहा, तुमचीच बेइज्जती झालीय." दारात बाई उतरलेली बघून त्यांचं काय होईल, असं मनात आलं.

त्या माणसाचं सोडून द्या म्हणतेस. मी विचार केला. तुला एक गोष्ट सांगते, ती मी लुंबिनीलाबी सांगितली न्हाई.

कान गेल्यापासून 'या वयात' हे दोन शब्द मी रोज ऐकून राहिले. म्हणजे ओठांवर वाचून राहिले. कानाचा डॉक्टर म्हणतो, या वयात एवढंच सुधारणार. बँकेतला माणूस म्हणतो, या वयात कशाला येता, मुलाला पाठवा. माझा हरिओम सोलापुराहून येतो, तो माझ्याशी न बोलता लुंबिनीला विचारतो, आई जेवते का नीट. मी तिथंच बसलेली असते.

त्या ग्रुपात हे न्हवतं. तिथं समदं लिहिलेलं असतं, मला कुणाला 'काय? काय?' करावं लागत न्हाई. मी रोलरची तुटलेली चावी कशी बसवायची ते सांगितलं तर साठ जणांनी तसं करून बघितलं. तिथं मला वयच न्हवतं. आणि त्या माणसानं तिथं येऊन ते दोन शब्द लिहिले.

म्हणून मी सोडणार न्हाई. खेळाची किंमत कमी न्हाई केली तरी चालेल. त्याचं नाव मला कळलं पाहिजे.

तुझी,
आत्या

---

लातूर
२ एप्रिल २०२५

आत्या,

त्याचं नाव गीतांजली वैजनाथ बिरादार.

मी लिहिलं ते. तू लिहिलेलं वाचून तू आहेस हे मला कळलं नाही. नांदेडकर नाव, नावाशेजारी चावीचा फोटो, सगळे काका म्हणत होते, मीही काका म्हटलं. तुझं ११ तारखेचं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. त्यातल्या तुझ्या दोन ओळी वाचल्या आणि गॅस तसाच सोडून खोलीत गेले. बाबा म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, चक्कर आली. बाबांना अजून माहीत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं बोलले. 'तो माणूस' म्हणून स्वतःची वकिली केली. त्याची लाज मला उत्तराच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

मी दहा महिन्यांपासून त्या कंपनीच्या कामावर आहे. चावीनगरवर. तू पहिल्या पत्रात बसबद्दल लिहिलंस तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं की आत्या, हे आम्ही करतोय, ती बस मीच सुचवली होती, माझ्या आत्याच्या अंगणवाडीत होती म्हणून! पण सही केलेली होती. आणि तेव्हा मला हेही माहीत होतं की बस वेगळी विकणार आहेत.

जानेवारीत बैठक झाली होती, कॉम्प्युटरवर. मी शेवटच्या चौकोनात. मी एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, "सर, लाल बस तर सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडते." आमचे वरचे सर म्हणाले, "म्हणूनच."

त्या दिवशी सकाळपासून मी तीनशेच्या वर उत्तरं दिली होती. एकानं उत्तर लिहिणाऱ्याच्या बापावरून घाण लिहिलं होतं, तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. मग तुझ्या ओळी आल्या. त्यात शिवी नव्हती. म्हणूनच बहुतेक, मी तिथे उलट बोलले. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना मी 'आपल्या भावनांचा आदर करतो' असं लिहीत होते, आणि जो माणूस नीट बोलला त्याच्यावर राग काढला.

'या वयात' हे दोन शब्द मी न विचार करता लिहिले. तू २७ तारखेच्या पत्रात जे लिहिलंस ते वाचल्यावर मी काय लिहू?

तू ग्रुपात माझं नाव सांगितलंस तरी माझी तक्रार नाही.

गीतू

---

लातूर
२१ एप्रिल २०२५

ती. आत्या,

एकोणीस दिवस झाले. रोज पोस्टमन येऊन जातो. बाबांनी लुंबिनीताईंचा नंबर मिळवून फोन केला, त्या म्हणाल्या अंबिकाकाकू ठीक आहेत, पण बोलत कमी आहेत. एवढं कळलं तरी पुरे झालं.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसले आणि म्हणाले, "ताईनं तुला बोट धरून चालायला शिकवलंय."

कंपनी ते उत्तर कुणी लिहिलं याची चौकशी करत होती. आम्ही चौघी आहोत उत्तरं देणाऱ्या. वर्षाराणी म्हणून परभणीची मुलगी आहे, तिच्यावर संशय गेला, कारण ती फटकळ आहे. म्हणून मी १६ तारखेला सरांना स्वतःच सांगितलं. बघतो म्हणाले.

तू राग धर. पण मशीन कानात घालत जा.

गीतू

---

नांदेड
२८ एप्रिल २०२५

चि. गीतूस,
आशीर्वाद. ते कधी बंद झाले न्हवते.

तुझं दोन तारखेचं पत्र वाचलं आणि घडी करून पिठाच्या डब्यावर ठेवलं. आठ दिवस मी त्या डब्यातलं पीठ घेतलं न्हाई, लुंबिनीकडून पोळ्या आणल्या. इतका राग होता. काकाच्या जागी काकू असती तर तू असं लिहिलं असतंस का, काका म्हणजे तुझीच आत्या निघाली म्हणूनच तुला वाईट वाटलं का, असलं काय काय मनात येत होतं.

मग एका दुपारी माझाच चटका मला बसला. मी मनातल्या मनात तुला विचारून राहिले की तू मला का ओळखलं न्हाईस. आणि मी? तेराशे माणसं गोळा करून मी एका पोरीच्या पोटावर उठले, ती कोण, कुठली, तिनं सकाळपासून काय वाचलंय, मी एकदा तरी विचारलं का? तू निघालीस म्हणून मला हे सुचलं. दुसऱ्या कुणाची भाची असती तर मी पुण्याच्या गाडीत बसले असते.

तवा मी ग्रुपात लिहिलं. दोन ओळींत मावेना, लुंबिनीला बसवलं आणि सांगत गेले. मी नांदेडकर काका न्हाई, त्रेसष्ट वर्सांची बाई हाय, एकतीस वर्सं अंगणवाडी चालवली, मला ऐकू येत न्हाई. उत्तर देणारीला काढायची मागणी मी माघारी घेते. तुझं नाव लिहिलं न्हाई. नातंबी सांगितलं न्हाई.

मग काय, कंपनीनं काकूला पैसे चारले, असं दहाबारा जणांनी लिहिलं. एकानं तर मी बाईच न्हाई म्हणून पुरावा मागितला! मी त्याला माझ्या अंगणवाडीचा फोटो पाठवला, चाळीस पोरं आणि मधी मी. दोन दिवसांनी किशनरावांनी लिहिलं, "ताई, तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी चावी बसवायला शिकायला भोकरहून घरीच आलो असतो." अर्जातून ती मागणी काढली. तीनशे लोक नाराज होऊन निघून गेले. जाऊ दे.

पण एक नीट ऐक. किमतीवर मी मागं हटणार न्हाई. तुझी नोकरी असो का न्हाई. मी कंपनीला कागदावर पत्र लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवलंय. त्यात तुझा एका अक्षरानं उल्लेख न्हाई. ते माझं आणि त्यांचं भांडण हाय.

वर्षाराणीचं नाव जाऊ दिलं न्हाईस, हे वाचून मी त्या डब्यातलं पीठ काढलं. थालीपीठं केली.

तुझी,
आत्या

---

लातूर
२० मे २०२५

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार, आणि त्यावर एक मिठी.

तुझ्या पत्रानं काय केलं ते ऐक.

आमचे मोठे साहेब गुरुपादप्पा, मूळचे निलंग्याचे. त्यांच्या टेबलावर रजिस्टरचं पाकीट आलं. कंपनीत असं पाकीट कधी येतच नाही, त्यामुळे सगळे गोळा झाले. त्यांनी बैठकीत ते मोठ्यानं वाचलं. मी शेवटच्या चौकोनात होते, तुझं अक्षर पडद्यावर दिसलं आणि मी माझा कॅमेरा बंद केला.

तू लिहिलं होतंस की तुम्ही सगळी खेळणी सारखीच आहेत म्हणता, पण मी दोन्ही चालवून बघितली. बसची चावी हातात कळते, रोलरची कळत नाही. रोलरचा रिमोट नुसता एकसारखा हलतो, चालत्या गिरणीसारखा. मला ऐकू येत नाही, म्हणून मला फरक कळला. म्हणजे बस काढली तर तुमच्या गावात माझ्यासाठी एकही चावी उरत नाही, आणि ती एक चावी तुम्ही मला सहाशे नव्व्याण्णवला वेगळी विकता.

मग खेळ बनवणारा एक जण म्हणाला, "सर, खरं आहे. थरथर फक्त बसला नीट केली होती. वेळ नव्हता म्हणून बाकीच्यांना एकच साधी टाकली." आत्या, पन्नास माणसं दोन वर्षं तो खेळ करत आहेत, हजारो लोकांनी नमुना खेळला, आणि हे फक्त तुला कळलं!

परवा निर्णय झाला. बस मूळ खेळात, सगळ्यांना. आणि सगळ्या खेळण्यांच्या चाव्या नीट करणार. किंमत मात्र तीच, चोवीसशे नव्व्याण्णव. गुरुपादप्पा म्हणाले, बस घातली, आता तेवढं तरी राहू द्या.

माझं सांगायचं तर, जूनअखेर माझं काम संपतं. पुढचा करार करणार नाहीत. खरं सांगितलंस ते बरं केलंस, असं सर म्हणाले, पण नियम तो नियम. मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. सहीची अट संपेल, मग मी तुला सगळं नीट सांगू शकेन, हेच आधी मनात आलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन नांदेडला येते. लुंबिनीताईंना सांग, गेमची मशीन मोकळी ठेवा.

तुझी,
गीतू

---

नांदेड
१४ सप्टेंबर २०२५

चि. गीतूस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं नव्या नोकरीचं पत्र मिळालं. लातुरात क्लासवाल्यांकडं लागलीस आणि तिथंबी आईबापांच्या फोनला उत्तरं द्यायचीत, आणि तिथंबी लोक फीवरूनच भांडतात, हे वाचून मी लुंबिनीला हाक मारून दाखवलं. भांडणाऱ्यांना नीट बोल. पण आईबापावरून बोलला कुणी तर फोन आपट, आत्यानं सांगितलंय म्हण.

आता माझं ऐक. चावीनगर चौदा ऑगस्टला आला. मी ठरवलं होतं, घेणार न्हाई. बस दिली म्हणून किमतीचं भांडण संपत न्हाई. ग्रुपात तसं लिहिलंबी. किशनरावांनी पहिल्याच दिवशी घेतला आणि मला सांगितलं न्हाई, चार दिवसांनी कळलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले न्हाई. आता समजलं, सतराशे माणसांत किंमत जास्त हाय म्हणणारे सतराशे, आणि न घेणारी मी एकटी.

दहा दिवस तग धरला. मग घेतला. पूर्ण किमतीला. तू हसून राहिली असशील, हस.

रोलरची चावी आता हातात कळते. जड हाय, बसपेक्षा लई जड, तशीच पाहिजे. इंजिनाची तर अशी की तळवा झिणझिणतो. लुंबिनी आणि मी रोज सांजच्याला एक एक रस्ता सोडवतो. महालक्ष्म्यांचे तीन दिवस टीव्हीवर चादर टाकली होती, न्हाईतर एकबी नागा न्हाई. काल खेळ संपला.

संपल्यावर पडद्यावर नावं येतात, ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची. लुंबिनी बंद करायला निघाली, मी हात धरला. लई नावं, खालून वर सरकतात. गुरुपादप्पा आले, ते थरथरवाले आले, वर्षाराणी आली. मला वाटलं, तुला काढलं म्हणून तुझं नावबी काढलं असेल. मी एकेक नाव वाचत गेले. आणि मग आलं. मी ओरडले म्हणे. शेजारपाजारची माणसं वर आली, काकूला काय झालं म्हणून. लुंबिनीनं ते पुन्हा लावलं, मग सगळ्यांनी बघितलं. मी पुढं जाऊन टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं.

पण गीतू, त्यांनी 'गितांजली' लिहिलंय. गीची वेलांटी ऱ्हस्व. तुझ्या नावाच्या दिवशी पाळण्यात मी स्वतः ते नाव तुझ्या कानात सांगितलं होतं, गी लांब हाय त्यात.

मी आजच कंपनीच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. या वेळी माझ्या खऱ्या नावानं. "चोवीसशे नव्व्याण्णव पूर्ण भरले हाईत, एक रुपया कमी दिला न्हाई. तवा माझ्या भाचीच्या नावातली वेलांटीबी पूर्ण द्या."

तुझी,
अंबिका आत्या